सहा पानांचा शोधनिबंध, साठ वर्षांचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

४ ऑक्टोबर २०२२ रोजी स्टॉकहोम येथे भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. फ्रान्सचे अलँ आस्पे, अमेरिकेचे जॉन क्लाउझर आणि ऑस्ट्रियाचे अँटन झायलिंगर या तिघांना ते विभागून देण्यात आले. मात्र पारितोषिकामागचे जे कारण समितीने नमूद केले, त्यात या तिघांव्यतिरिक्त चौथ्या शास्त्रज्ञाचे नाव होते. ‘बेल यांच्या असमानतेचा भंग’ प्रयोगाने सिद्ध केल्याबद्दल हा सन्मान होता. ते जॉन स्टुअर्ट बेल हा सोहळा पाहण्यास हयात नव्हते. १ ऑक्टोबर १९९० रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले होते. मरणोत्तर नोबेल देण्याची प्रथा नाही.

ज्या शोधनिबंधावर ही सारी इमारत उभी आहे, तो १९६४ सालचा. लेखक एकच, पाने अवघी सहा. ज्या नियतकालिकात तो छापला गेला, ते चार खंड काढून १९६८ मध्ये बंद पडले. पहिली काही वर्षे या निबंधाकडे जवळजवळ कोणीही ढुंकून पाहिले नाही. आज ‘गूगल स्कॉलर’वर त्याचा संदर्भ देणाऱ्या लिखाणांची संख्या दहा हजारांच्या पुष्कळ पुढे गेली आहे.

प्राध्यापकाची नेमणूक, बढती, संशोधनाचे अनुदान, विद्यापीठाचे मानांकन असे सारे काही ज्या काळात ‘किती निबंध लिहिले’ आणि ‘किती जणांनी संदर्भ दिला’ या दोन आकड्यांवर ठरू लागले आहे, त्या काळात बेल यांचे उदाहरण तपासून पाहण्याजोगे आहे. हे आकडे नेमके काय मोजतात, आणि काय मोजत नाहीत?

मोजणीचा जन्म

शोधनिबंधाच्या अखेरीस संदर्भांची यादी असते. आपल्या आधी त्या विषयात कोणी काय केले, आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत, याची ती कबुली असते. एखाद्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या निबंधांत जितक्या वेळा होईल, तितकी त्याची ‘सायटेशन्स’, म्हणजे संदर्भोल्लेख.

हे उल्लेख पद्धतशीरपणे गोळा करण्याची कल्पना अमेरिकेचे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. तिचे मूळ कायद्याच्या क्षेत्रात होते. एखाद्या न्यायनिवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या निवाड्यांत घेतला गेला, याची सूची अमेरिकी वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरीत होते. तीच पद्धत गारफिल्ड यांनी विज्ञानाला लावली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. बेल यांचा निबंध नेमका त्याच सुमाराचा.

गारफिल्ड यांचा मूळ उद्देश शास्त्रज्ञांची प्रतवारी लावण्याचा नव्हता. ग्रंथालयात बसलेल्या संशोधकाला एखाद्या कल्पनेचा पुढचा प्रवास शोधता यावा, यासाठी ती सूची होती. परंतु आकडा एकदा हाती आला की त्याचा उपयोग तुलनेसाठी होणार, हे ओघानेच आले. २००४ मध्ये ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ अवतरले आणि जी माहिती जाडजूड ग्रंथांत दडलेली होती, ती संगणकाच्या एका कळीवर आली.

सर्नमधील नोकरी आणि आवडीचे काम

जॉन बेल यांचा जन्म २८ जुलै १९२८ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचा. घरची परिस्थिती बेताची. भावंडांपैकी पुढचे शिक्षण घेऊ शकले ते एकटे जॉन. सोळाव्या वर्षी शालेय शिक्षण संपल्यावर ते क्वीन्स विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत वर्षभर मदतनीस होते. त्याच विद्यापीठातून १९४८ मध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राची आणि १९४९ मध्ये गणिती भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी मिळविली. त्यानंतर ब्रिटनच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात ते कणत्वरकांच्या आराखड्यांचे काम करू लागले. तेथेच भेटलेल्या मेरी रॉस या भौतिकशास्त्रज्ञ तरुणीशी १९५४ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९६० मध्ये दोघेही जिनिव्हाच्या सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत दाखल झाले. अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली.

सर्नमध्ये बेल यांना वेतन मिळत होते ते कणभौतिकी आणि त्वरकांच्या कामासाठी. या क्षेत्रांत त्यांचे ऐंशीच्या आसपास शोधनिबंध आहेत. त्यांतील एक विशेष महत्त्वाचा. १९६९ मध्ये रोमन जॅकिव्ह यांच्या समवेत लिहिलेल्या या निबंधाने एक जुने कोडे उलगडले. ‘पायॉन’ या कणाच्या विद्युतभाररहित प्रकाराचे दोन प्रकाशकणांत विघटन होते. तत्कालीन सिद्धांतानुसार ते जवळजवळ व्हायलाच नको होते; प्रयोगात मात्र ते सर्रास दिसत होते. बेल व जॅकिव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे स्टीफन अॅडलर यांनी दाखवून दिले की नेहमीच्या समीकरणांतील एक सममिती पुंजसिद्धांताच्या पातळीवर मोडते. ‘अॅडलर-बेल-जॅकिव्ह विसंगती’ या नावाने ओळखला जाणारा हा निष्कर्ष आज कणभौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत आहे. केवळ या एका निबंधाच्या जोरावरही बेल यांचे नाव राहिले असते.

पण त्यांचे मन गुंतले होते दुसरीकडे. पुंजयामिकीची गणिते बिनचूक उत्तरे देतात, मात्र ती वास्तवाबद्दल नेमके काय सांगतात? हा प्रश्न त्या काळी तरुण शास्त्रज्ञाने विचारणे शहाणपणाचे मानले जात नसे. तो नील्स बोर यांनी केव्हाच निकाली काढला आहे, असा सर्वसाधारण समज होता. बेल यांनी या विषयावर जे लिहिले, ते नोकरीतले काम सांभाळून. त्यातील २२ निबंध १९८७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने ग्रंथरूपात प्रसिद्ध केले. दोन-अडीच दशकांच्या चिंतनाचे हे फळ आजच्या हिशेबाने अगदीच थोडके ठरेल.

काय होते त्या सहा पानांत?

१९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये एक आक्षेप नोंदविला होता. पुंजयामिकीनुसार दोन कण एकमेकांशी अशा रीतीने गुंतलेले असू शकतात की एकावर मोजणी केली असता कितीही दूर असलेल्या दुसऱ्याबद्दलचे उत्तर तत्काळ निश्चित होते. आइनस्टाइन यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते दोन्ही कणांची उत्तरे आधीपासूनच ठरलेली असणार. पुंजयामिकीला ती दिसत नाहीत, म्हणजेच ती अपुरी आहे. एका पाकिटात उजव्या आणि दुसऱ्यात डाव्या पायाचा मोजा घालून दोन गावांना पाठविले, तर एक पाकीट उघडताच दुसऱ्यातले कळते. त्यात गूढ काहीच नाही.

तीस वर्षे हा वाद तत्त्वज्ञानाचा समजला गेला. बेल यांनी तो प्रयोगशाळेत आणला. त्यांचा युक्तिवाद एका खेळाच्या रूपाने समजून घेता येतो.

एक खेळाडू मुंबईत, दुसरा नागपुरात. दोघांसमोर एकेक पंच नाणे उडवितो. नाणे पाहून खेळाडूने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे. दुसऱ्याचे नाणे काय पडले, हे त्याला कळणार नाही. नियम असा, की दोन्हीकडे छापा पडला तर दोघांची उत्तरे वेगळी हवीत; अन्य तिन्ही प्रकारांत ती सारखी हवीत. खेळापूर्वी दोघांनी हवे तेवढे संगनमत करावे, पण खेळ सुरू झाल्यावर संपर्क नाही.

आता पाहा. दोन्हीकडे काटा असताना उत्तरे जुळायची, तर काट्यासाठी दोघांनी एकच उत्तर ठरवायला हवे, समजा, ‘हो’. मुंबईत काटा व नागपुरात छापा असताना जुळायचे, तर नागपूरकराने छाप्यालाही ‘हो’च म्हणायला हवे. उलट प्रकारात मुंबईकरानेही तेच करायला हवे. म्हणजे दोन्हीकडे छापा पडताच दोघेही ‘हो’ म्हणणार आणि हरणार. कोणतेही पूर्वनियोजन करा, चारपैकी एक प्रकार हातचा जाणारच. जिंकण्याची सरासरी शक्यता ७५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही.

परंतु खेळाडूंकडे नाण्यांच्या जोडीला गुंतलेल्या कणांची एकेक जोडी असेल, आणि नाणे पाहून आपापल्या कणावर कोणती मोजणी करायची हे ते ठरवीत असतील, तर पुंजयामिकीनुसार ही शक्यता सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाते. ७५ आणि ८५ यांमधले अंतर हाच बेल यांच्या शोधाचा गाभा. उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि एका ठिकाणच्या मोजणीचा परिणाम दुसरीकडे तत्क्षणी पोहोचत नसेल, तर ७५ ही मर्यादा निसर्गालाही लागू असायला हवी. ती ओलांडली गेली, तर या दोन गृहीतांपैकी किमान एक तरी सोडावे लागेल. आइनस्टाइन आणि बोर यांच्यातला वाद यापुढे मोजता येणार होता.

दुर्लक्षाची कारणे

एवढा मूलगामी निष्कर्ष अंधारात का राहिला? पहिले कारण पत्त्याचे. १९६३-६४ मध्ये बेल सर्नमधून रजा घेऊन अमेरिकेत गेले होते. तेथील प्रमुख नियतकालिके छपाईसाठी पानामागे शुल्क आकारीत आणि ते लेखकाच्या संस्थेने भरावे अशी रीत होती. पाहुणा म्हणून आलेल्या बेल यांना यजमानांवर हा भुर्दंड टाकणे संकोचाचे वाटले. म्हणून त्यांनी फिलिप अँडरसन आणि बर्न्ड मॅथियास यांनी नुकतेच सुरू केलेले ‘फिजिक्स फिजीक फिझिका’ हे नियतकालिक निवडले. ते शुल्क घेण्याऐवजी लेखकालाच मानधन देई. पण त्याचा खप बेताचा होता आणि आयुष्यही अल्प ठरले.

दुसरे कारण टपालाचे. बेल यांनी याच विषयावर याआधी लिहिलेला एक निबंध ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’कडे पाठविला होता. संपादकांचे पत्र ते सोडून गेलेल्या स्टॅनफर्डच्या पत्त्यावर गेले आणि प्रकरण रेंगाळले. परिणामी आधी लिहिलेला निबंध १९६६ मध्ये, म्हणजे नंतर लिहिलेल्याच्या मागाहून प्रसिद्ध झाला. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९३२ मध्ये दिलेल्या एका सिद्धतेतील कच्चा दुवा त्यात बेल यांनी दाखविला होता. हाच दुवा जर्मनीच्या ग्रेटे हर्मान या विदुषीने १९३५ मध्येच हेरला होता. तिच्या लिखाणाची दखल घ्यायला मात्र कित्येक दशके जावी लागली. संदर्भोल्लेखांची वही आजही तिच्या बाबतीत तोकडीच पडते.

तिसरे आणि खरे कारण वातावरणाचे. पुंजयामिकीच्या पायाभूत प्रश्नांवर काम करणे म्हणजे कारकिर्दीवर पाणी सोडणे, असे मानले जाई. या विषयावरील चर्चा पुढे अनेक वर्षे स्वित्झर्लंडहून निघणाऱ्या ‘एपिस्टेमॉलॉजिकल लेटर्स’ या चक्रमुद्रित पत्रिकेत चाले. बेल यांनीही आपला एक महत्त्वाचा लेख १९७६ मध्ये तेथेच दिला. अशा पत्रिकेतील लेखन कोणत्याही सूचीच्या जाळ्यात सहजासहजी सापडत नाही.

जाग आली ती अशी

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या जॉन क्लाउझर यांच्या हाती ग्रंथालयात हा निबंध पडला. १९६९ मध्ये त्यांनी बेल यांना पत्र लिहून हा प्रयोग कोणी केला आहे काय, अशी विचारणा केली. निबंध छापून चार वर्षे उलटल्यावर बेल यांना आलेला तो पहिला गंभीर प्रतिसाद होता. त्याच वर्षी क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी असमानतेला प्रयोगयोग्य रूप दिले. १९७२ मध्ये क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी बर्कली येथे प्रयोग करून मर्यादा ओलांडली जाते असे दाखविले.

या कामाची किंमत क्लाउझर यांना मोजावी लागली. ज्या प्रयोगासाठी पन्नास वर्षांनी नोबेल मिळाले, त्याच प्रयोगामुळे त्यांना विद्यापीठात कायम स्वरूपाची प्राध्यापकी मिळू शकली नाही. त्या वेळच्या निवड समित्यांसमोर संदर्भांचा आकडा ठेवला असता, तरी तो त्यांच्या बाजूने बोलला नसता.

१९८१-८२ मध्ये आस्पे यांनी पॅरिसनजीक ओर्से येथे अधिक काटेकोर प्रयोग केले. १९९८ मध्ये झायलिंगर यांच्या गटाने इन्सब्रुकमध्ये दोन मोजणी-केंद्रे एकमेकांपासून पुरेशी दूर ठेवून आणखी एक पळवाट बंद केली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर, तसेच व्हिएन्ना आणि अमेरिकेतील बोल्डर येथे प्रकाशकणांवर झालेल्या प्रयोगांनी प्रमुख पळवाटा एकाच वेळी बंद केल्या. दरवेळी निकाल तोच लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनीही या असमानतांच्या सैद्धांतिक बाजूवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम केले.

तरीही संदर्भांचा खरा पूर आला तो १९९० नंतर. १९९१ मध्ये आर्टुर एकर्ट यांनी बेल यांच्या प्रमेयाच्या आधारे गुप्त संदेशवहनाची पद्धत मांडली. कोणी चोरून ऐकले तर बेल यांची मर्यादा ओलांडली जाणार नाही आणि चोरी उघडकीस येईल, ही तिच्यामागची कल्पना. १९९३ मध्ये पुंज-प्रक्षेपणाचा प्रस्ताव आला, १९९४ मध्ये पीटर शोर यांनी पुंजसंगणकाचे सामर्थ्य दाखविले. तत्त्वज्ञानाचा म्हणून बाजूला सारलेला प्रश्न बघता बघता तंत्रज्ञानाचा झाला. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या ‘राष्ट्रीय क्वांटम मिशन’ला मंजुरी दिली, आयआयटी मुंबई हे त्याच्या चार केंद्रांपैकी एक आहे. कणांच्या ज्या गुंतवणुकीवर या मोहिमेची मोठी भिस्त आहे, ती खरोखर असते हे पारखण्याची कसोटी त्या सहा पानांनी दिली. बेल यांना मात्र यातले काहीच पाहता आले नाही.

निद्रिस्त सुंदरी

दीर्घकाळ दुर्लक्षित राहून अचानक गाजू लागणाऱ्या निबंधांना संदर्भशास्त्राचे अभ्यासक ‘निद्रिस्त सुंदरी’ म्हणतात. हे नाव नेदरलँड्सचे अँथनी व्हॅन रान यांनी २००४ मध्ये रूढ केले. २०१५ मध्ये इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी दोन कोटींहून अधिक निबंध चाळून सर्वाधिक गाढ झोपलेल्यांची यादी काढली. पहिल्या पंधरांत आइनस्टाइन-पोडोल्स्की-रोझेन यांचा १९३५ चा निबंध होता. त्यांच्या गणिताप्रमाणे तो जागा झाला १९९४ मध्ये, म्हणजे प्रसिद्धीनंतर ५९ वर्षांनी. त्याला जागे करणाऱ्यांत बेल यांचा वाटा मोठा होता.

सिडनी रेडनर या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ परिवारातील ११० वर्षांच्या निबंधांचा हिशेब मांडला. सुमारे साडेतीन लाख निबंध आणि त्यांचे एकमेकांतील ३१ लाख उल्लेख. सरासरी काढली तर निबंधामागे नऊच्याही आत. सुमारे ७० टक्के निबंधांना दहापेक्षा कमी उल्लेख मिळाले होते. हजाराचा टप्पा ओलांडणारे निबंध होते अवघे अकरा. बहुतांश संशोधन चारचौघांपुरते मर्यादित राहते, ही स्थिती भौतिकशास्त्रासारख्या प्रगत शाखेचीही आहे.

एका आकड्याचे राज्य

त्याच वर्षी, २००५ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख असतील, पण २१ निबंधांना २१ नसतील, तर त्याचा निर्देशांक २०. निबंधांची संख्या आणि त्यांचा प्रभाव या दोहोंचा मेळ घालणारा हा आकडा सोपा असल्याने जगभर पसरला. हिर्श यांच्या पहिल्याच यादीत भौतिकशास्त्रज्ञांमध्ये एडवर्ड विटन ११० गुणांसह अग्रस्थानी होते.

या सोपेपणातच दोष आहे. एकाने शंभर निबंध लिहिले आणि प्रत्येकाला दहा उल्लेख मिळाले, तर त्याचा निर्देशांक दहा. दुसऱ्याने पाचच लिहिले. त्यांपैकी एकाला दहा हजार आणि बाकीच्या चारांना पाच-पन्नास उल्लेख मिळाले, तरी त्याचा निर्देशांक पाचाच्या वर जाऊच शकत नाही. लिहिलेल्या निबंधांची संख्या हीच त्याची कमाल मर्यादा. विज्ञानाला वळण देणारा निबंध आणि कसाबसा पाच उल्लेख मिळविणारा निबंध, दोघेही येथे सारखेच एक गुण.

आणखीही अडचणी आहेत. निबंधावर किती जणांची नावे आहेत, याची निर्देशांकाला पर्वा नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते; ३३ पानांपैकी २४ पाने लेखक आणि संस्थांच्या नावांनीच भरली होती. तेथील प्रत्येकाच्या खात्यात तो पूर्ण एक निबंध म्हणून जमा होतो आणि एकट्याने लिहिलेला बेल यांचा निबंधही तेवढाच. शिवाय विषयागणिक रीती भिन्न. गणितज्ञ मोजके संदर्भ देतात, जीववैद्यक शाखेत याद्या लांबलचक असतात. आणि एखादी कल्पना पूर्णपणे रुजली की तिचे संदर्भ उलट थांबतात. श्रोडिंजर यांचे समीकरण वापरणारा आज कोणीही त्यांच्या १९२६ च्या निबंधाचा उल्लेख करीत बसत नाही.

पीटर हिग्ज यांनी २०१३ मध्ये नोबेल स्वीकारण्यास जाताना एका ब्रिटिश दैनिकाला सांगितले होते की १९६४ नंतर आपण दहापेक्षाही कमी निबंध लिहिले आणि आजच्या पद्धतीत कोणत्याही विद्यापीठाने आपल्याला नोकरी दिली नसती. खुद्द हिर्श यांनीही २०२० मध्ये आपल्या निर्देशांकाचे अनपेक्षित दुष्परिणाम झाल्याचे मान्य केले.

म्हणून संदर्भांची मोजणी निरर्थक म्हणावी काय? तसे नाही. थॉमसन रॉयटर्स या संस्थेने उल्लेखांच्या आधारे नोबेलच्या संभाव्य मानकऱ्यांत आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांची नावे २०११ मध्येच घेतली होती. अकरा वर्षांनी ते भाकीत खरे ठरले. प्रस्थापित झालेल्या कामाचे मोल आकडे चांगले सांगतात. नुकत्याच झालेल्या, किंवा प्रवाहाविरुद्ध चाललेल्या कामाचे मोल त्यांना सांगता येत नाही. आणि नेमणुका, बढत्या, अनुदाने यांचे निर्णय तर नेमके अशाच वेळी घ्यावे लागतात.

आपल्या दारातला प्रश्न

हा प्रश्न जिनिव्हा-स्टॉकहोमपुरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीद्वारे महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुकीला व बढतीला ‘शैक्षणिक कामगिरी निर्देशांका’ची जोड दिली. प्रत्येक प्रसिद्ध निबंधाला गुण मिळू लागले. गुणांची गरज निर्माण होताच ते पुरविणारी दुकानेही उघडली. पैसे घेऊन, कसलेही परीक्षण न करता वाटेल ते छापणारी नियतकालिके फोफावली.

त्याचे स्वरूप दाखविणारा एक अभ्यास महाराष्ट्रातूनच झाला. पुण्यातील संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी ज्यांचा नमुना तपासला, त्यांतील ८८ टक्के निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचे काम पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि दर्जा ठरविण्याची जबाबदारी विद्यापीठांवरच सोपविली. पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या नियमावलीत आधीच उठविण्यात आली होती.

बाहेरच्या जगातही फेरविचार सुरू आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने, नियतकालिकाच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’वरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये असे आवाहन केले. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने आकडे तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावेत, त्याची जागा घेणारे नसावेत, असे बजावले. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीने सर्वाधिक संदर्भित संशोधकांच्या आपल्या यादीतून गणित हा विषयच वगळला. जेथे एकूण उल्लेख कमी असतात, तेथे थोड्याशा संगनमतानेही आकडे फुगविता येतात, हे त्यामागचे कारण.

या सर्व जाहीरनाम्यांचे सार एकच आहे. निबंध मोजण्याआधी वाचला पाहिजे. ते कष्टाचे आहे, वेळखाऊ आहे आणि त्यासाठी विषय जाणणारी माणसे लागतात. निवड समितीसमोर दोनशे अर्ज असताना आकड्याचा मोह पडतो, तो त्यामुळेच. मात्र वाचण्याचे ते कष्ट कोणी घेतले नसते, तर १९६४ चा तो निबंध आजही बंद पडलेल्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात पडून राहिला असता. क्लाउझर यांनी तो उघडला, तेव्हा त्याच्या नावावर सांगण्यासारखे संदर्भ नव्हते. त्यांनी तो वाचला, त्यांना तो पटला नाही म्हणून पुन्हा वाचला, आणि मग प्रयोगाला हात घातला.